स्कॅनमध्ये शून्य धोके, तरी पॉपअप परत येतो: वेबपेजमधून आलेला त्रास अँटिव्हायरसला का दिसत नाही आणि तो मुळापासून कसा काढायचा

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ एक झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सातबाऱ्याच्या प्रिंट, ऑनलाइन अर्ज. सकाळी दहापासून रांग लागते. दुकानात तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर विकत घेतलेला, मुदत न संपलेला अँटिव्हायरस. तरीही दर तीन-चार दिवसांनी काकांचा फोन यायचा, "ताई, ते लाल परत आलंय."

ते लाल म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून सरकत वर येणारी चौकट. ढालीचं चित्र, कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडल्याचा इंग्रजी मजकूर, आणि खाली साफ करण्यासाठी क्लिक करा असं बटण. एक बंद केली की दुसरी. समोर गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून उभं, आणि स्क्रीनवर हा प्रकार.

काकांनी मला बोलवायच्या आधी बरंच करून पाहिलं होतं. पूर्ण स्कॅन केला, अडीच तासांनी उत्तर आलं: शून्य धोके. अँटिव्हायरस बदलला. पुन्हा शून्य. शेवटी भाच्याने काउंटरवरच्या कॉम्प्युटरला फॉरमॅट मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी लाल चौकट हजर. "फॉरमॅट मारूनही जात नाही म्हणजे मशीनच गेलं का?" असं काका विचारत होते, आणि नव्या कॉम्प्युटरचा भावही काढून ठेवला होता.

मशीन चांगलं होतं. अँटिव्हायरसही खोटं बोलत नव्हता. गेल्या वर्षभरात ठाणे, कळवा, ऐरोली अशा पट्ट्यात मी हाच त्रास इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की तो एकदा नीट लिहून ठेवावा असं वाटलं. लोक यात पैसे घालवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या लाल बटणावर क्लिक करून खरा व्हायरस घरात घेतात.

शून्य धोके म्हणजे नेमकं काय

पूर्ण स्कॅन एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: या डिस्कवर मला ओळखता येईल अशी वाईट फाइल आहे का? आपला प्रश्न वेगळा असतो. आपण विचारतो, हा त्रास कुठून येतोय? दोन प्रश्न एकच आहेत असं आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतो.

वेबपेजमधून येणारी गोष्ट एकदम फाइल होऊन टपकत नाही. आधी एक पत्ता उघडतो. मग त्या पानातली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर येणारा छोटा प्रोग्रॅम, ब्राउझरच्या मेमरीत चालते. मग ती काहीतरी मागते: परवानगी, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), डाउनलोड. फाइल उतरली तर ती कुणीतरी उघडावी लागते. उघडल्यावर ती काम सुरू करते. या प्रत्येक पायरीवर अँटिव्हायरसचा वेगळा भाग पहारा देतो आणि प्रत्येकाची नजर वेगळी असते.

पत्त्याच्या पायरीवर यादी बघितली जाते. क्रोम आणि फायरफॉक्स गूगलची सेफ ब्राउझिंगची यादी वापरतात, एज मायक्रोसॉफ्टचं स्मार्टस्क्रीन वापरतं, अँटिव्हायरसची स्वतःची यादी वेगळी. यादीत नाव असेल तर पान उघडतच नाही. म्हणूनच फसवणारे लोक रोज नवी नावं नोंदवतात. आज सकाळी नोंदवलेला पत्ता दुपारपर्यंत कोणाच्याच यादीत नसणं अगदी शक्य आहे. शिवाय ही पानं माणूस बघून चेहरा बदलतात. गूगलवरून शोधत आलात, मोबाइलवरून आलात, पहिल्यांदाच आलात तर घाणेरडं पान. तपासणी करणारा रोबो आला किंवा तुम्ही दुसऱ्यांदा आलात तर साधं स्वच्छ पान. गिऱ्हाइकाला दिसलेली गोष्ट दुकानदाराला दाखवता येत नाही ती यामुळे.

पानाच्या मजकुराची पायरी आणखी अवघड. आज जवळजवळ सगळी वाहतूक एचटीटीपीएसमधून, म्हणजे बंद पाकिटातून येते. अँटिव्हायरसला पाकीट उघडायचं तर त्याला ब्राउझरमध्ये स्वतःचं एक्स्टेन्शन बसवावं लागतं, किंवा विंडोजमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) बसवून मधे उभं राहावं लागतं. तुमचा अँटिव्हायरस मधे उभा आहे का, हे बघता येतं. कुठलीही साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून कनेक्शनमधून सर्टिफिकेटपर्यंत जा, आणि ते कोणी दिलंय ते वाचा. तिथे अँटिव्हायरस कंपनीचं नाव असेल तर तो पाकीट उघडून बघतोय. नसेल, आणि एक्स्टेन्शनही बंद असेल, तर पानाच्या आत काय चाललंय ते त्याला बहुतेक दिसत नाही. तो फाइल उतरायची वाट बघत बसलेला असतो. कोर्ट नाक्याच्या दुकानात तसंच होतं. भाच्याने क्रोम हळू चालतो म्हणून ते एक्स्टेन्शन बंद केलं होतं.

फाइल उतरली की अँटिव्हायरस आपल्या खऱ्या आखाड्यात येतो. ओळखीच्या खुणा, संशयास्पद रचना, कंपनीच्या सर्व्हरला विचारणा, हे सगळं तिथे होतं. तरी पासवर्ड लावलेली झिप त्याला आतून दिसत नाही. मुद्दाम फुगवून काही शे एमबीची केलेली फाइल बरेचदा आकारामुळेच तपासणीतून सुटते. आणि फाइल चालू झाल्यावर तिच्या वागण्यावर नजर ठेवणारा भाग असतो, तो बऱ्याचदा शेवटचा वाचवणारा ठरतो.

आणि लाल चौकट? ती यातल्या कुठल्याच पायरीवर अडकण्यासारखी नव्हती, कारण तिच्यात फाइल नव्हतीच.

चौकटीकडे नीट बघा

पुढच्या वेळी ती आली की बंद करायची घाई करू नका. मी काकांच्या स्क्रीनवर ती तशीच राहू दिली आणि चष्मा लावून जवळ बसले. लाल ढाल मोठी. मजकूर ठळक. पण त्याच्या शेजारी, करड्या रंगात, नखाएवढ्या अक्षरांत दोन गोष्टी होत्या: गूगल क्रोम, आणि पुढे एका साइटचा पत्ता, नुसत्या अक्षरांची खिचडी. काकांना मी तिथे बोट ठेवून दाखवलं. रोज दहा वेळा चौकट येत होती, ती अक्षरं त्यांनी कधी वाचली नव्हती. कोणीच वाचत नाही, कारण सगळं लक्ष ढाल खेचून घेते.

ती अक्षरं दिसली म्हणजे ही ब्राउझरची नोटिफिकेशन आहे. कधीतरी एखाद्या पानाने "तुम्ही रोबो नसाल तर अलाउ दाबा" असं म्हटलं आणि कोणीतरी दाबलं. त्या क्षणी साइटला परवानगी मिळाली. पान बंद केलं तरी ती संदेश पाठवत राहते. ब्राउझरच्या नजरेत ही तुमच्या मर्जीने दिलेली परवानगी आहे, बातम्यांच्या साइटला देता तशीच. अँटिव्हायरसने काय पकडायचं?

काढायची रीत सोपी आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसते. ओळखीचं नसेल ते सगळं काढा, आणि वरचा पर्याय साइट्सना विचारूच देऊ नका असा करून ठेवा. एज आणि फायरफॉक्समध्येही असंच पान आहे. मोबाइलवरच्या क्रोममध्येही बघा. घरच्या मंडळींच्या फोनवर हा उकिरडा कॉम्प्युटरपेक्षा जास्त साचलेला असतो. दुकानात कामाच्या साइटची नोटिफिकेशन लागत नाही, त्यामुळे यादी पूर्ण रिकामी केली तरी काही बिघडत नाही.

पूर्ण स्क्रीन व्यापून, भोंगा वाजवत, अमुक नंबरवर फोन करा सांगणारं पान हे याचंच भावंड. एस्केप दाबून धरा किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडताना मागची पानं उघडू का असं विचारलं तर नाही म्हणा. तो नंबर लावू नका, बस्स.

मग फॉरमॅटनंतर परत कसं आलं

खरी मेहनत इथे आहे. एकदा काढलेली गोष्ट परत येते म्हणजे तिला कोणीतरी परत आणतंय. त्या आणणाऱ्याला शोधल्याशिवाय शंभर वेळा साफ केलं तरी उपयोग नाही.

काउंटरच्या कॉम्प्युटरवर मी एक्स्टेन्शनची यादी उघडली. तिथे पीडीएफचं रूपांतर करणारं एक होतं. त्याची परवानगी वाचली: सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "ते मीच टाकलंय, मागच्या पावसाळ्यात. एका वकिलांची फाइल वर्डमध्ये करायची होती."

तिन्ही कॉम्प्युटरवर दुकानाचं एकच गूगल खातं, आणि सिंक चालू, म्हणजे एका मशीनवरच्या क्रोममधली गोष्ट खात्यामार्फत बाकीच्यांवरही पोचते. फॉरमॅट मारला, क्रोम टाकला, खात्यात लॉगिन केलं की पाच मिनिटांत ते एक्स्टेन्शन आपोआप परत बसत होतं. ते मधूनच सर्चचा निकाल दुसऱ्या पानावर वळवायचं, ते पान अलाउ दाबायला सांगायचं, आणि गर्दीत कोणीतरी दाबायचं. त्रास डिस्कवर नव्हताच. तो खात्यात राहत होता. फॉरमॅटने डिस्क धुतली, खातं तसंच राहिलं.

तुमच्याकडेही फॉरमॅटनंतर त्रास परत आला असेल तर सगळ्यात आधी इथे बघा. सगळ्या मशीनवरून, घरच्या लॅपटॉपवरूनसुद्धा, ते एक्स्टेन्शन काढा. मग सिंकच्या सेटिंगमधून गूगल खात्यात साठवलेला डेटा दाखवणारं पान उघडा. तळाशी डिलीट डेटा असं बटण आहे. त्याने सर्व्हरवरची प्रत पुसली जाते, मशीनवरचे बुकमार्क आणि पासवर्ड जागेवर राहतात. तरी पासवर्डची एक प्रत आधी काढून घ्या, मी घेतेच. नंतर सिंक परत चालू करताना एक्स्टेन्शनचा पर्याय बंद ठेवा. दुकानात एक्स्टेन्शन सिंक करण्याची गरज मला आजवर दिसलेली नाही.

असलं एक्स्टेन्शन अँटिव्हायरसने का पकडलं नाही? ते क्रोमच्या अधिकृत ऑनलाइन दुकानातून आलेलं, पीडीएफचं काम खरंच करणारं, आणि जोडीला जाहिराती वळवणारं होतं. अशा गोष्टींना सुरक्षा कंपन्या बऱ्याचदा व्हायरस म्हणत नाहीत, नकोसा प्रोग्रॅम असा वेगळा वर्ग ठेवतात, आणि ती तपासणी बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये ऐच्छिक असते. विंडोज सिक्युरिटीमध्येही ती वेगळी आहे: अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन उघडा आणि पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग चालू करा. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये असाच पर्याय शोधा. क्रोममध्ये पूर्वी सफाईचं एक अवजार अंगभूत होतं. गूगलने ते २०२३ मध्ये क्रोम १११ पासून काढून टाकलं. जुने सल्ले वाचून ते शोधत बसू नका.

तिसरा कॉम्प्युटर

पहिले दोन शांत झाले. आतल्या खोलीतला तिसरा मात्र नाही. त्यावर एक्स्टेन्शन काढायचं बटणच करड्या रंगाचं होतं, दाबलं जात नव्हतं. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ओळ होती: मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन. म्हणजे हा ब्राउझर संस्थेच्या नियंत्रणात आहे. दोन माणसांच्या झेरॉक्सच्या दुकानात कसली संस्था!

ही ओळ घरच्या किंवा छोट्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर दिसली तर सावध व्हा. काही अँटिव्हायरस स्वतःच्या कामासाठी असं धोरण बसवतात, तेव्हा ती दिसली म्हणजे दगाच असं नाही. पत्त्याच्या जागी इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाका. कोणतं धोरण लागू आहे त्याची यादी येते. इथे एक एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवण्याचं धोरण होतं. मी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगची अंतर्गत नोंदवही), सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जाऊन, आधी प्रत काढून, ते पुसलं. कॉम्प्युटर बंद-चालू केला. परत आलं.

म्हणजे इथे खरोखर एक प्रोग्रॅम होता. ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये अपडेटसारखं निरुपद्रवी नाव घेतलेलं एक काम सापडलं. दर लॉगिनला ते डाउनलोडच्या फोल्डरमधून एक फाइल चालवत होतं. मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स नावाचं मोफत अवजार अशा जागा एकत्र दाखवतं. सुरुवातीला चालणाऱ्या गोष्टी बघायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

आणि आता प्रश्न असा की, फाइल डिस्कवर होती, ती रोज चालत होती, अँटिव्हायरस जागा होता, तरी स्कॅनमध्ये शून्य कसं? मी अँटिव्हायरसची सेटिंग उघडली. वगळलेल्या जागांच्या यादीत एकच नोंद होती. पूर्ण डाउनलोड फोल्डर.

जुन्या मराठी फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये करायचा प्रोग्रॅम कोणीतरी एका साइटवरून उतरवला होता. त्या साइटवर हिरवी डाउनलोडची बटणं पाच-सहा, त्यातली बहुतेक जाहिरातींची. सोबतच्या सूचनेत लिहिलेलं असतं: अँटिव्हायरस चुकून अडवेल, हे फोल्डर वगळा. अँटिव्हायरसने तेव्हा अडवलं होतं, आणि बरोबर अडवलं होतं. आपणच त्याला तिकडे बघू नकोस असं सांगितलं. स्कॅनला शून्य का आलं याचं कारण शोधताना वगळलेल्या जागांची यादी मी आता पहिल्या पाच मिनिटांत बघते, आणि तुम्हीही तसंच करा. विंडोज डिफेंडरमध्ये ती व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये, एक्सक्लूजन्स या नावाने तळाशी आहे.

याच मशीनची आणखी एक अडचण अशी, की त्यावर विंडोज ७ होतं. जुनं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (परवाना तपासणारं, कॉम्प्युटरला खोचायचं उपकरण) त्यावरच चालतं, म्हणून काकांनी ते जपलं होतं. कोर्टाच्या आसपास टायपिंग करणाऱ्यांकडे अशी मशीन असतातच, आणि कारण खरं आहे: हजारो मसुदे त्या फॉण्टमध्ये पडून आहेत. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट देणं, १४ जानेवारी २०२० ला थांबवला, आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. विंडोज १० पासून एक सोय आली, तिला एएमएसआय म्हणतात. पॉवरशेलसारख्या (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं अवजार) स्क्रिप्ट मेमरीत उलगडल्यावर अँटिव्हायरसला दाखवायचं काम ती करते. विंडोज ७ वर ती नाही. म्हणजे एकाच परवान्याचा, एकाच नावाचा अँटिव्हायरस काउंटरवर जितकं बघू शकतो तितकं आतल्या खोलीत बघू शकत नाही, हे पेटीवर कुठे लिहिलेलं नसतं. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे ध्यानात ठेवा.

या मशीनबाबत मी सफाई करत बसले नाही. अनोळखी प्रोग्रॅम महिनोन्महिने चालला असेल तर त्याने आणखी काय केलं हे खात्रीने सांगता येत नाही. मसुदे काढून घेतले, डिस्क पुसली, विंडोज आणि डीटीपी परत टाकलं आणि नेटची वायर काढली. फाइल पेनड्राइव्हने न्यायची, तीही आधी मधल्या कॉम्प्युटरवर तपासून. दुकानाचे सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलले. गूगल खात्यातून सगळीकडचं लॉगिन बंद केलं. हे शेवटचं लोक विसरतात. चोराकडे ब्राउझरची कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय याची साठवलेली खूण) गेलेली असेल तर त्याला पासवर्ड लागतच नाही. डिजिटल सहीचं टोकन काम झालं की लगेच काढून ठेवायला सांगितलं. ते दिवसभर यूएसबीत खोचलेलं होतं.

अँटिव्हायरस कुठे पकडतो ते स्वतः तपासा

अँटिव्हायरस पुण्याचा असो की परदेशी, त्याची परीक्षा घ्यायला आयकार नावाची एक निरुपद्रवी चाचणी फाइल आहे. फक्त ६८ अक्षरांची. ती कुठलंही नुकसान करत नाही, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला व्हायरससारखं धरायचं ठरवलेलं आहे. आयकार संस्थेच्या साइटवरून ती उतरवा आणि कधी अडवली जाते तिकडे लक्ष ठेवा. क्लिक करताक्षणी, उतरताना, डिस्कवर पडल्यावर, की उघडल्यावर? जितकी उशिरा, तितक्या आधीच्या पायऱ्या तुमच्याकडे उघड्या आहेत. झिपमध्ये घातलेली प्रतही तिथे मिळते. अँटिव्हायरस तपासणाऱ्यांची एएमटीएसओ ही आंतरराष्ट्रीय संघटना अशीच पानं चालवते. त्यात फसव्या पानाची, आपोआप उतरणाऱ्या फाइलची आणि नकोशा प्रोग्रॅमची वेगवेगळी चाचणी आहे. आयकार पकडला म्हणजे पहारेकरी जागा आहे एवढंच कळतं. नवा चोर त्याला ओळखता येईल का, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी प्रयोगशाळांचे निकाल आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था चालू असलेले खरे घातक पत्ते ब्राउझरमध्ये उघडून बघते आणि कुठल्याही पायरीवर अडवलं तरी ते अडवलं असं धरते. तिथे नावाजलेले बहुतेक अँटिव्हायरस ९५ टक्क्यांच्या वर असतात. मग आपल्याकडे असं का? एक तर तिथे सगळे भाग चालू असतात, विंडोज अद्ययावत असतं आणि डाउनलोड फोल्डर वगळलेलं नसतं. दुसरं, त्या तक्त्यात एक रकाना मी आवर्जून बघते: वापरणाऱ्यावर अवलंबून. अँटिव्हायरसने अडवलं नाही, विचारलं. दुपारी बारा वाजता रांग लागलेली असताना विचारलेल्या प्रश्नाला काउंटरवरचा मुलगा हो म्हणतो. दुकानासाठी अँटिव्हायरस निवडताना हा रकाना लहान असलेला घ्या, त्यासोबत चुकीच्या इशाऱ्यांचा आकडाही बघा. उगाच ओरडणारा अँटिव्हायरस लोक चार दिवसांत बंद करतात.

व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर एखादा पत्ता किंवा फाइल टाकून सत्तरएक इंजिनांचं मत घेता येतं, आणि मी रोज घेते. पण तिथे तुमच्या अँटिव्हायरसने काही दाखवलं नाही म्हणजे तो तुमच्या मशीनवरही चुकेल असं नाही. तिथल्या इंजिनांना ब्राउझरची ढाल किंवा वागण्यावरची नजर मिळतेच असं नाही, आणि अँटिव्हायरसची तुलना करायला आपला वापर करू नका असं ती साइट स्वतः सांगते. आणखी एक: पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, असलं काही तिथे चढवू नका. चढवलेल्या फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर मंडळींना मिळू शकतात.

अजून दोन प्रकार, जे मी गेल्या काही महिन्यांत पाहिले

पहिला सगळ्यात घातक. पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, एक आज्ञा ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. २०२४ पासून हा प्रकार जगभर पसरला. ब्राउझरमधून फाइल उतरलीच नाही, त्यामुळे ब्राउझरचा पहारा रिकामाच राहतो. चालतो तो विंडोजचा स्वतःचा पॉवरशेल. पकडलं तर शेवटच्या पायरीवर, वागण्यावरून. असं पान दिसलं की बंद करा. कोणी दाबून बसलं असेल तर स्कॅनच्या आधी नेटची वायर काढा, बँक आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरा, घरातली सगळी यंत्रं, फोनसुद्धा, चुकीच्या पानांवर जातात. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडा. तिथे ठीक चाललं तर संशय राउटरवर जातो. राउटरचं पान उघडा, डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचे) आकडे केबलवाल्याने दिलेलेच आहेत का ते त्याला विचारून ताडून बघा. वेगळे असतील तर राउटर रीसेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला आणि अपडेट टाका. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले राउटर मला आजही दर आठवड्याला दिसतात. कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसच्या हातात हे नसतं. डीएनएस-चेंजर हा व्हायरस पसरवणाऱ्या टोळीचे सर्व्हर अमेरिकेच्या एफबीआयने २०११ मध्ये ताब्यात घेतले, तेव्हा इतकी यंत्रं त्यांच्यावर अवलंबून होती की ते सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. तोपर्यंत त्या यंत्रांच्या मालकांना सगळं नीट चालल्यासारखंच वाटत होतं.

सरकारी बाजूने मोफत काही हवं असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची अवजारं आहेत. ते केंद्र २०१७ पासून चालू आहे. अवजार उतरवताना पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधल्या जाहिरातीवरून जाऊ नका.

साफ झालं की लगेच निर्धास्त होऊ नका. सिंकमुळे किंवा वेळ लावलेल्या कामामुळे परत येणारी गोष्ट दोन-तीन दिवस घेऊ शकते. काकांच्या दुकानात मी भिंतीवर एक कागद चिकटवला: नोटिफिकेशनची यादी, एक्स्टेन्शनची यादी, वगळलेल्या जागा. भाचा दर शनिवारी दुकान बंद करताना तिन्ही बघतो आणि पुढे तारीख घालतो. पाच शनिवार झाले, तिन्ही रकान्यांत शून्य आहे. आतल्या खोलीतली नेटची वायर काकांनी गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली आहे.